पाहुण्यापुढे तांबडा भात

आमच्या खारेपाटात एक रीत होती. घरात पाहुणा आला की तांबडा भात झाकून ठेवायचा आणि शेजारून पांढरे तांदूळ उसने आणायचे. तांबडा म्हणजे राता. उधाणाचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं तरी तग धरतो तो. आमच्या खाऱ्या जमिनीत दुसरं काही नीट यायचं नाही, म्हणून तोच लावायचा आणि रोज तोच खायचा. पण पाहुण्याला वाढायचा नाही. माझा सासरा पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा माझ्या आईनं तीन घरं फिरून पांढरे तांदूळ मिळवले होते. सासऱ्याच्या घरीही राताच शिजतो हे तिला ठाऊक होतं. आम्ही हे तांदूळ कुठून आणले असतील हे सासऱ्यालाही ठाऊक होतं. तरी तो जेवताना म्हणाला, "वा, तांदूळ काय सुरेख हाय." अशी ती रीत.

ती आधी सांगितली नाही तर मी पुढं जो गाढवपणा केला तो कुणाला कळायचा नाही.

माझं गाव कासू स्टेशनापासून खाडीच्या अंगाला. शाळा चौथीपर्यंत. मग मिठागर. पावसाळ्यात भात आणि उरलेले महिने मीठ, यात जन्म गेला. बायको गेली ती पौषात, झोडणी उरकल्यावर. आजारी म्हणावी अशी नव्हती. दुपारी सूप घेऊन पाखडत बसली होती. "जरा पडते," म्हणाली आणि आत जाऊन पडली. मला वाटलं झोप लागली. मी ओटीवर चहाची वाट बघत बसलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण लिहायचं तर खरं लिहावं. तासभर मी चहाची वाट बघत बसलो होतो, आणि मनात रागावलो पण होतो.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. लेक एकच, ती रोह्याच्या पुढं दिलेली. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला जातो, घरी म्हातारी सासू, तिला किती दिवस राहता येणार. शेजारी माझी चुलत वहिनी, ती पण एकटीच. ती भाकरी आणून द्यायची. मी तिला दोनदा परत पाठवलं. माणसाला एकटं राहायचं नसतं आणि कुणी आलेलं पण खपत नसतं, असा तो काळ. दिवसभर घरात आवाज नाही. पूर्वी बाहेरून आलो की उखळात मुसळ पडल्याचा आवाज यायचा. तो किती ऐकला होता ते बंद झाल्यावर कळलं.

तिचं हे कांडणं हाटेलासाठी असायचं. नव्वद सालानंतर, रोह्याच्या पुढं कोकणातले रूळ टाकायचं काम चाललं होतं त्या दिवसांत, कुंडलिका नदीच्या काठानं वर डोंगराच्या अंगाला एक मोठं हाटेल झालं. मोठं म्हणजे श्रीमंतांचं. मुंबईचे, परदेशातले लोक तिथं उतरायचे. माझ्या लेकीचं सासर त्याच्या कुंपणाला लागून. हाटेलवाल्यांची एक तऱ्हा होती. भाजी, अंडी, मध, मीठ, चटया, जे मिळेल ते आजूबाजूच्या गावांतून घ्यायचं. कामाला माणसं तिथलीच. सांडपाणी केळींना. आमच्याकडे लोक म्हणायचे, थोडे दिवस दाखवायला करतील, मग मुंबईहून ट्रक येतील. मी पण तेच म्हणायचो.

तिथली मॅनेजर बाई एकदा लेकीच्या घरी आली होती. चुलीवर राताची पेज होती. लेक लाजून झाकायला गेली तर बाई म्हणाली, "झाकू नका. हे काय आहे?" वाटीभर प्याली आणि विचारलं, हा तांदूळ कुठं मिळेल. लेकीनं आईचं नाव सांगितलं. तेव्हापासून माझी बायको महिन्यातून दोनदा कासूला सकाळची गाडी धरायची आणि राताचं गाठोडं घेऊन रोह्याला उतरायची. तिथून हाटेलची जीप. संध्याकाळच्या गाडीनं परत. गिरणीत नाही न्यायची, घरीच हातानं कांडायची. मला वाटायचं गिरणीवाल्याशी तिचं भांडण आहे.

आणि मला वाटायचं, तो भात तिथल्या नोकरमाणसांना घालत असतील. एवढ्या हाटेलात उतरणारा माणूस राता खाईल हे माझ्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. ती सांगायची, "अवो, गोरी माणसं खातात. मागून घेतात."

मी म्हणायचो, "व्हय तर. आणि वरून मिठागरातला चिखल चाटतात."

"तुमच्याशी बोलायची सोय नाय."

"मग नको बोलू."

मग ती बोलायची बंद झाली. म्हणजे हाटेलातलं सांगायची बंद झाली. "चल एकदा माझ्याबरोबर" असंही आधी म्हणायची. मी एकदाही गेलो नाही. बायकोच्या मागून गाठोडं घेऊन चालायचं मला कमीपणाचं वाटायचं.

माघ संपत आला तेव्हा लेक आली. बसली, रडली, मग म्हणाली, "बाबा, हाटेलातल्या बाईंचा निरोप हाय. शिमग्याआधी मोठी मंडळी यायची हायत, परदेशातली. आईचा तांदूळ मिळंल का विचारतायत. नाय जमलं तर राहू द्या म्हणाल्यात."

"तुझ्या आईनं शब्द दिलेला काय?"

"दिलेला."

"मग जमंल."

"कांडणार कोण? मी येऊन कांडू?"

"तू तुझं घर बघ."

वहिनी दारातच उभी होती. म्हणाली, "भावोजी, भात इकडं द्या. आम्ही चौघी बसतो, एका दिवसात होतंय."

"नको."

"मग काय तुम्ही कांडणार? मिशा वर बांधा हो, मुसळाखाली यायच्या."

लेक रडता रडता हसली. मला राग आला. मी ठरवलं की हे काम असं करायचं की बायकोनंसुद्धा कधी केलं नसेल. ती बिचारी घरचं, रोजचं नेऊन द्यायची. मी पाहुण्याला शोभेल असं नेईन. परदेशातली मंडळी येणार, आणि आपल्या घरातून तांबडा भात जायचा? आईनं सासऱ्यासाठी तीन घरं पालथी घातली होती. माझ्या मनात तेच. आता कुणी म्हणेल, बायकोनं शंभरदा सांगितलं होतं. सांगितलं होतं. मी ऐकलं कुठं होतं.

कणगीतला भात भरून गडब गावाला, हमरस्त्यावरच्या गिरणीत नेला. गिरणीवाला ओळखीचा. म्हणाला, "आजोबा, राता हाय. नुसती टरफलं काढू ना?"

"साफ काढ. पांढरा दिसला पायजे."

"कशाला? चांगलं काय ते कोंड्यात जाईल."

"पाहुण्यांचा हाय. दोनदा काढ."

दोनदा काढला. पहिल्यांदा गुलाबी रेघा राहिल्या होत्या, दुसऱ्यांदा त्या पण गेल्या. दाणे बारीक झाले पण मोगऱ्याच्या कळीसारखे पांढरे. मी मुठीत घेऊन बघितले आणि मला बरं वाटलं. पौषापासून पहिल्यांदा बरं वाटलं. फक्त माल फार कमी भरला. ती न्यायची तेवढा तरी न्यायला पाहिजे, शब्द तिचा होता. कणगी तर रिकामी.

घरी आलो आणि वर बघितलं. चुलीच्या वर आढ्याला मुडी टांगलेली होती. मुडी म्हणजे पेंढ्यात बांधलेलं बियाणं. धूर लागतो म्हणून कीड लागत नाही. बायको उभ्या पिकात फिरून एकेक लोंबी निवडायची, ते बी वेगळं झोडायची. गावात बाकी सगळ्यांनी नवीन पांढरी बियाणी घेतली होती. काहींच्या शेतात खाडी शिरली होती, काहींनी जमिनी विकल्या. राताचं चोख बी आमच्याच घरात राहिलं होतं. ही मुडी तिनं जायच्या आठ दिवस आधी बांधली होती.

मी शिडी लावली आणि मुडी उतरवली. हे चुकून नाही केलं. मला बियाणं म्हणजे काय ते कळतं. मी म्हटलं, पुढल्या वर्षी पेरणार कोण आणि खाणार कोण? ज्या घरात चूल पेटवायला माणूस नाही तिथं बी कशाला? मला पुढलं वर्ष नकोच होतं. दुसऱ्या दिवशी गडबला जाऊन ते पण दोनदा काढून आणलं. कोंडा वहिनीच्या म्हशीला दिला.

मग गाठोडं बांधून मी सकाळच्या गाडीनं रोह्याला गेलो. लेक स्टेशनावर आली होती. तिनं गाठोडं उघडून बघितलं नाही, मी पण सांगितलं नाही. जीपवाल्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं. म्हणाला, "आजी इथंच बसायच्या."

हाटेल बघून माझी निराशा झाली. मला वाटलं होतं काचेचा महाल असेल. तर चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पडवी शेणानं सारवलेली. आणि त्यावर लोक बूट घालून फिरतात. पडवीत एक गोरा म्हातारा एकटाच बसून डोंगराकडे बघत होता. मला वाटलं, हा पण माझ्यातलाच दिसतो. त्यानं हात वर केला. मी पण केला.

मॅनेजर बाई पन्नाशीची असेल. मुंबईची, पण साधी. माझ्या पाया पडली. मला ते नवीन होतं. म्हणाली, "काका, तुम्ही आलात. मला वाटलं नव्हतं." मग तिनं गाठोडं सोडलं आणि थांबली.

"काका, हा दुसरा तांदूळ आणलात का?"

"नाय. तोच हाय. मोठी मंडळी यायची म्हणून साफ करून आणला. दोनदा."

तिनं आचाऱ्याला हाक मारली. आतून आचारी आला. तिकडचाच, रोह्याकडचा. त्यानं तळहातावर दाणे घेतले, फुंकर मारली, एक दाणा चावला.

"बाबा, ह्याची साल कुठं गेली?"

"म्हशीच्या पोटात."

तो हसला. बाई हसली नाही. म्हणाली, "काका, या माझ्याबरोबर. चहा नंतर घेऊ."

तिनं मला जेवणाच्या मोठ्या खोलीत नेलं. भिंतीवर लाकडी पाट्या लावलेल्या होत्या. मध देणाऱ्या कातकऱ्याची एक, अंडीवाल्या बाईची एक. तिसरी माझ्या बायकोची. वर फोटो. सूप धरून बसली आहे आणि कुणाला तरी काहीतरी बोलते आहे, तोंड उघडं. खाली दोन लिप्यांत लिहिलेलं. इंग्रजी मला येत नाही. मराठी मी अक्षर लावत लावत वाचलं. वेळ लागला. बाईनं मला वाचून दाखवलं नाही, नुसती शेजारी उभी राहिली. ते मला बरं वाटलं.

लिहिलं होतं: "हा तांदूळ खाडीकाठच्या एका आजींनी बी निवडून, लावून, स्वतःच्या हातानं कांडून आणला आहे. त्या सांगतात, हा आमच्या रोजच्या ताटातला भात. पाहुण्याला आम्ही वाढत नाही. तुम्ही मागितलात म्हणून वाढते."

मी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. एक लग्नातला होता, त्यात तोंड पदराआड.

मला आत स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. एक वेताचं स्टूल होतं, आचारी म्हणाला, "आजींचं हे. आल्या की तासभर बसायच्या. मला भात शिजवायला त्यांनीच शिकवला."

"तुला?"

"शिव्या घालून. 'मेल्या, घाई करू नको. हा तांदूळ नाय, जावई हाय. रुसला तर शिजत नाय.'"

अगदी तिचा आवाज काढला त्यानं. मग आणखी दोघं-तिघं जमले आणि सांगायला लागले. हाटेलातल्या पोहायच्या तलावाकडे बघून ती बाईला म्हणाली होती, "तुमचे पाहुणे पाण्यात लोळतात आणि माझी लेक दोन हंड्यांसाठी डोंगर चढते. हे बरं दिसतं काय?" त्याच उन्हाळ्यात हाटेलनं वरच्या झऱ्याचं पाणी नळानं लेकीच्या गावात आणून दिलं. तो नळ मी कितीदा बघितला होता. मला वाटलं सरकारनं बसवला.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायची का?"

आचाऱ्यानं बाईकडे बघितलं. बाई म्हणाली, "सांग की."

"म्हणायच्या, आमचा म्हातारा मनानं चांगला हाय. फक्त विचारल्याशिवाय बोलत नाय, आणि विचारलं की वरडतो."

सगळे हसले. मी पण हसलो असेन. इथं तिचं एक वेगळंच घर होतं. तिथं तिला स्टूल होतं, चहा होता, बोलायला माणसं होती. आणि घरी येऊन ती माझ्यासमोर गप्प बसायची, कारण मी तसं सांगितलं होतं.

चहा झाल्यावर बाईनं विचारलं, "काका, यंदाचं जाऊ दे. बियाणं आहे ना? पुढच्या वर्षी?"

मी गाठोड्याकडे बोट दाखवलं. "ते पण ह्यातच हाय."

आचारी उगाच भांडं पुसायला लागला. कांडलेल्या तांदळाला कोंब येत नाही हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, सगळी शेतकऱ्यांचीच पोरं.

मग बाई खालच्या आवाजात म्हणाली, "मग ती पाटी मला काढावी लागेल. आम्ही पाहुण्यांना खोटं सांगत नाही. तांदूळ नाही तर पाटी नाही, मधवाल्याचीही एका वर्षी काढली होती."

"एक वर्ष ठेवा."

"खोटं होईल, काका."

"मग भिंतीकडे तोंड करून ठेवा," मी म्हणालो. "पण खिळ्यावरनं उतरवू नका."

ती हो म्हणाली. मी बसलेला असतानाच पाटी उलटी केली गेली. मागचं नुसतं लाकूड दिसायला लागलं. माझा तो पांढरा तांदूळ नंतर तिथल्या कामगारांनी खाल्ला, असं लेकीनं सांगितलं. मला वाटायचं तेच शेवटी झालं, फक्त माझ्या हातून.

गावी आलो आणि घरोघर फिरलो. गडबपर्यंत विचारून आलो. राता होता कुणाकुणाकडे, पण भेसळीचा, पांढऱ्यात मिसळलेला. वहिनी म्हणाली, "कोंडा लाल बघून मी तेव्हाच समजले. म्हशीनं खाल्ला राता, साहेबानं काय खाल्लं?"

"बोल, अजून बोल."

"बोलत्ये. ते बियाणं नवऱ्याचं नाय हो, तिचं होतं. तुम्हाला कुणी अधिकार दिला?"

मी खाली बसलो. वहिनीनं हनुवटीनं माझ्या दाराकडे दाखवलं. "वर बघा की, भावोजी."

चौकटीवर नवं होतं. आश्विनातल्या पुनवेला आमच्याकडे नवं बांधतात. शेतातल्या चार-पाच लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, झेंडू, एकत्र बांधून दाराला, कणगीला, विहिरीला लावायचं. ते पुढल्या वर्षीचं नवं येईपर्यंत तसंच राहतं. झेंडू काळा पडला होता, पान तर नुसती काडी. विहिरीवरचं चिमण्यांनी साफ केलं होतं. दारावरचं तेवढं छपराच्या आडोशाला वाचलं होतं.

"कच्चं असतं ते," मी म्हणालो. "पुनवेला दाणा कुठं भरलेला असतो. रुजायचं नाय."

"मग बसा बघत," म्हणाली आणि गेली.

मी बघत बसलो. पंधरा दिवस. दारातून येता-जाता डोकं वर करायचो. ते तिनं बांधलेलं शेवटचं. घरातलं बाकी सगळं मी हलवलं होतं, तिची भांडी, तिचं अंथरूण, मुडी. एवढंच तिनं जिथं ठेवलं तिथं होतं. ते सोडलं की तिच्या हाताचं काही राहणार नव्हतं. आणि नाही सोडलं तर भिंतीकडे तोंड करून ती टांगलेली राहणार, तिकडे हाटेलात.

एका दुपारी उतरवलं. मिठाच्या गोणीच्या सुतळीनं बांधलेलं होतं. ती गाठ मीच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवली होती. गोणीच्या तोंडाची गाठ, एक टोक ओढलं की अख्खी सुटते. जन्मभर मी तशा गाठी बांधल्या. मी टोक ओढलं. सुटली नाही. परत ओढलं. नाही. जवळ घेऊन बघितलं तर तिनं एक वेढा जास्त घातला होता, आतून. म्हणजे वाऱ्यानं किंवा चिमणीनं ओढलं तरी सुटू नये. कधीपासून अशी बांधत होती कोण जाणे. मला वाटायचं ती माझीच गाठ बांधते.

विळी आणली होती, ती बाजूला ठेवली. नखानं सोडवत बसलो. संध्याकाळ झाली तेव्हा सुटली. तोवर तो वेढा कसा घालायचा ते मला आलं होतं.

लोंब्यांतले दाणे हातानं सुटे केले आणि मिठाच्या पाण्यात टाकले. पोचट वर येतं, भरलेलं तळाला बसतं. बरंच वर आलं. खाली राहिलं ते तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं. आमच्याकडे बियाण्याला मोड आणून चिखलात फेकतात. मी फेकलं नाही. पाऊस लागल्यावर विहिरीजवळ सुपाएवढा वाफा केला आणि एकेक दाणा बोटानं ठेवला. काही उगवलेच नाहीत. जे उगवले त्यांची रोपं मी एकेक करून लावली, दोन एकत्र नाही. लोंब्या आल्या तेव्हा पत्र्याचा डबा घेऊन चिमण्या हाकत बसायचो. वहिनी जाता जाता विचारायची, "जावई बरा हाय का?" आचाऱ्याकडची ती गोष्ट मी तिला सांगितली होती. आता मी सांगायला लागलो होतो. ऐकायचं जिनं होतं ती गेल्यावर.

पहिल्या वर्षी झालं ते सगळं बीच ठेवलं, एक दाणा शिजवला नाही. दारापुरतं एक नवं मात्र बांधलं, तिच्या वेढ्यानं. दुसऱ्या वर्षी लहानसं खाचर भरलं. मग मुसळ हातात घेतलं. बायका बघायला जमल्या. वहिनी म्हणाली, "मारू नका हो त्याला, भावोजी. उचला आणि सोडून द्या. मुसळाला त्याचं वजन हाय." चार दिवस दंड वर होत नव्हते. निम्म्या कण्या झाल्या. पण लाल होता.

तो घेऊन मी सकाळच्या गाडीनं गेलो. जीपवाला दुसरा होता, मी आपणच पुढच्या सीटवर बसलो. बाई तीच होती, केस पिकलेले. आचाऱ्यानं मूठ भरून घेतली, बोटांतून सोडली.

"आजींसारखा नाय," म्हणाला.

"नाय. ती नाय तर तसा येईल कुठून?"

बाई म्हणाली, "काका, पाटीवर लिहिलंय की आजींनी कांडला. आता ते खरं नाही."

"मग खरं लिहा. खाली एक ओळ टाका. बी तिचं, कांडलाय नवऱ्यानं, कण्या झाल्यात."

तिनं तसंच लिहिलं, माझ्यासमोर, काळ्या रंगानं. मग पाटी सरळ केली. बायको पुन्हा सूप धरून तोंड उघडून बोलत होती. त्या वेळी ती कुणाशी बोलत होती ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

मला जाऊ दिलं नाही. पाहुण्यांच्या टेबलावर बसवलं. ताट आलं, त्यात तोच भात, तांबडा, वाफ येत असलेला. आचारी शेजारी उभा. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"मीठ कमी हाय," मी म्हणालो.

"आजी पण हेच म्हणायच्या."

मी सगळा भात खाल्ला, परत मागून घेतला. पाटीकडे पाठ करून बसलो होतो. तोंड करून बसलो असतो तर घास गेला नसता.